नडगीवरची निळी रेघ

माझ्या नवऱ्याच्या डाव्या नडगीवर डॉक्टरांनी बॉलपेनने एक रेघ काढली होती. घोट्याच्या वर सुरू होऊन पोटरीला वळसा घालून परत नडगीवर येणारी, निळी, बंद रेघ. कातडीखाली संसर्ग झाला की त्याची लाली जिथे संपते तिथे अशी रेघ काढतात. लाली रेघेबाहेर गेली तर लगेच फोन करायचा. आतच राहिली तर गोळ्या लागू पडताहेत असं समजून आराम करायचा. पद्धत शहाणी आहे. या देशात डॉक्टरकडे ऊठसूट कुणी जात नाही आणि डॉक्टरही ऊठसूट कुणाला बोलावत नाहीत. माणसाने घरी बसून स्वतःवर लक्ष ठेवावं अशी अपेक्षा असते, आणि त्यासाठी त्याच्या हातात काहीतरी सोपं द्यावं लागतं. आम्हाला ती रेघ दिली होती.

आम्ही तिच्याकडे बघत राहिलो. लाली रेघेबाहेर गेली नाही. लाली कधी दिसलीच नव्हती, तर बाहेर जाणार कशी?

तो गेल्यानंतरचा हा दुसरा हिवाळा. मी नेदरलँड्समधल्या वाखनिंगन गावच्या वाचनालयात काम करते, परत आलेली पुस्तकं जागेवर लावते, आणि घरी आल्यावर थोडं थोडं हे लिहिते. एखादं वाक्य लिहून झालं की बराच वेळ पुढचं सुचत नाही. रडू येतं म्हणून नव्हे. चीड येते, आणि चिडून लिहिलेलं वाक्य मला दुसऱ्या दिवशी वाचवत नाही.

तो बटाट्यावर काम करायचा. गावाबाहेर नदीच्या बांधापलीकडे त्यांची प्रयोगाची शेतं आहेत. तिथे बटाट्याच्या वेगवेगळ्या वाणांवर मुद्दाम करपा पडू देतात आणि कुठला वाण किती टिकतो ते पाहतात. उन्हाळाभर हा आणि त्याचे विद्यार्थी वाकून ओळीओळीने चालत, पानं बघत, प्रत्येक झाडाला गुण देत. प्रत्येक वाणाचं एक वेगळं कार्ड असे, त्यावर रोगाच्या पायऱ्यांचे फोटो. मी एकदा विचारलं होतं, सगळ्यांना मिळून एकच कार्ड का नाही? तो हसला होता. फिकट पानाच्या वाणावर करप्याच्या डागाभोवती पिवळी कडा येते, लांबून दिसते. गडद पानावर ती येत नाही. तिथे फक्त ओलसर, मळकट झाक येते, आणि नवीन विद्यार्थी हमखास त्या झाडाला ‘निरोगी’ म्हणून पुढे जातात.

“मग तू काय करतोस?”

“ओरडतो,” तो म्हणाला. “म्हणतो, पान हिरवं दिसलं म्हणून पुढे पळू नका. उलटं करा. बोट लावा. हे पान कसं आजारी पडतं ते आधी शिका.”

ते त्याने बटाट्याबद्दल सांगितलं होतं. मीही बटाट्याबद्दलच ऐकलं होतं.

उन्हाळा संपता संपता शेताच्या कडेच्या काटेरी झुडपाने त्याच्या नडगीवर ओरखडा काढला. अगदी किरकोळ. मग दोन-तीन दिवसांनी पाय ठणकू लागला. इथे आधी आपल्या नेमून दिलेल्या घरच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन करावा लागतो. फोनवर डॉक्टर येत नाहीत, असिस्टंट येते. ती समोरच्या स्क्रीनवरचे प्रश्न विचारते आणि तुम्हाला यायचं की नाही ते ठरवते. फोन त्याने स्वतःच केला. त्याला त्याच्या डच भाषेचा अभिमान होता; माझ्यासारखा तो अडला की इंग्रजीत शिरत नसे. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर भाजी चिरत होते. फोन स्पीकरवर होता.

“ताप?”

“थोडासा.”

“दुखतंय?”

“हो. दाबलं की जास्त.”

“लाल झालंय का?”

त्याने पँट वर केली. खिडकीपाशी जाऊन नीट पाहिलं, शेतात पान बघायचा तसं.

“लाल नाही. थोडं गडद झालंय.”

“पण लाल नाही ना?”

“नाही, लाल नाही.”

“मग आज थांबून बघू या. पाय उंचावर ठेवा. लाल झालं तर मात्र लगेच फोन करा, हं?”

त्याने आभार मानून फोन ठेवला. आयुष्यभर नेमकी निरीक्षणं नोंदवलेला माणूस. त्याला लाल विचारलं, त्याने लाल नाही असं सांगितलं. दुसरा एखादा असता तर म्हणाला असता, हो, झालंय लाल, लवकर बघा. खोटं बोलला असता आणि वेळेवर डॉक्टरांसमोर गेला असता. त्याच्या सावळ्या, आमसुलासारख्या कातडीवर लाल रंग कधीच उमटत नसे. लाजला तरी नाही, चिडला तरी नाही. लग्नानंतर मला कितीतरी दिवस त्याचं चिडणं ओळखता येत नसे.

पुढे दुखणं वाढलं तेव्हा डॉक्टरांनी बोलावलं. चांगले डॉक्टर आहेत, हे मी मुद्दाम लिहिते. चाळिशीचे, सायकलवर येणारे, नावाने ओळखणारे. त्यांनी पाय दाबून पाहिला, गोळ्या दिल्या, आणि “लाली फारशी दिसत नाहीये, पण साधारण इथवर असावी,” असं म्हणत ती रेघ काढली. साधारण. असावी. तो रोज सकाळी त्याच खिडकीत, त्याच उजेडात पायाचा फोटो काढू लागला. फोटोंमध्ये रेघ अगदी स्पष्ट आहे. बाहेर काही नाही.

मी गुडघ्याच्या वर हात ठेवला तेव्हा तिथे कढत लागलं.

“अरे, इथपर्यंत गरम आहे.”

“लाल आहे का?”

“नाही.”

“मग? त्यांनी लाल झालं तर सांगा म्हटलंय. गरम तर ताप आहे म्हणून असेल.” आणि मग मला चिडवत, “तू वाचनालयातली, तू आधी सूचना वाचायला शीक.”

त्यानंतर एका दुपारी त्याला इतकी थंडी वाजली की हातातला कप बशीवर वाजू लागला. आमच्या मुलीला त्याने स्वतःच्या बहिणीच्या नावाने हाक मारली. अँब्युलन्स आली. विष रक्तात पसरलं होतं. तो घरी आला नाही.

मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी सांगितलं की आधी कळलं असतं तरी कदाचित हेच झालं असतं. कदाचित नसतंही. हेही मी लिहून ठेवते, कारण ते खरं आहे, आणि कारण माझ्या बोलण्यावर लोकांची पहिली प्रतिक्रिया हीच असते की अगं, पण तसंही काही सांगता येत नाही. मला माहीत आहे की सांगता येत नाही. मी कुणाला फाशी द्या म्हणत नव्हते.

सासूबाई सोलापूरला असतात. शाळेत मुख्याध्यापिका होत्या. व्हिडिओवर त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “त्यांनी बघितलं नाही का गं?”

“बघितलं, आई.”

“मग?”

मी रेघेचं सांगितलं. त्या म्हणाल्या, “लहानपणी गोवर आला होता त्याला. शेजारच्या पोरांच्या अंगावर लालभडक पुरळ, आणि ह्याच्या अंगावर काही दिसेना. मी पाठीवरून हात फिरवला तेव्हा रवा सांडल्यासारखं लागलं. माझं पोर कुठलं लाल होणार, बाई. त्यांना सांगायचं ना कुणीतरी.”

सांगायचं ना कुणीतरी. मी सांगायचं ठरवलं. मला एकच हवं होतं: असिस्टंटच्या स्क्रीनवर त्या प्रश्नाखाली आणखी एक वाक्य. कातडी सावळी किंवा काळी असेल तर लाली दिसणार नाही. गरम आहे का, सूज आहे का, कडक झालंय का, पसरतंय का ते विचारा. बस. पैसे नकोत, माफी नको, तक्रार समिती नको. माझी मुलगी सोळा वर्षांची आहे आणि तिने बापाचा रंग घेतला आहे. पुढची कित्येक वर्षं तीही असे फोन करणार आहे.

इथे वाद घालायचा तर आधी समोरासमोर बसून कॉफी घ्यावी लागते. डॉक्टरांनी दवाखाना बंद झाल्यावरची वेळ दिली, स्वतः कॉफी आणली, बशीत एकेक बिस्किट. ते अंत्यविधीलाही आले होते, मागच्या रांगेत उभे होते. त्यांचे डोळे खरोखर थकलेले दिसत होते. मी माझं वाक्य डचमध्ये पाठ करून गेले होते. ते मी म्हटलं.

त्यांनी कप खाली ठेवला. “तुम्हाला एक प्रामाणिकपणे सांगू? मी रंग बघत नाही. कुणाचाच नाही. तुमचा नवरा माझ्यासाठी माझा पेशंट होता, बस.”

“बघायला हवा होता,” मी म्हटलं.

त्यांना वाटलं, माझी डच कुठेतरी चुकली. त्यांनी वाक्य माझ्यासाठी सोपं करून पुन्हा सांगितलं. “आम्ही इथे सगळ्यांना सारखंच वागवतो.”

“हो. सगळ्यांना सारखाच प्रश्न विचारता. उत्तर फक्त गोऱ्या माणसाला देता येतं.”

ते लाल झाले. मानेपासून कानांपर्यंत. मला तेव्हा हसू आलं असतं, दुसरी वेळ असती तर. त्यांना काय होतंय ते मला टेबलाच्या पलीकडून दिसत होतं, विचारावंही लागलं नाही.

मग मी त्यांना बटाट्याच्या कार्डांचं सांगितलं. ते ऐकत राहिले. ते या गावचेच आहेत, शेतं त्यांना माहीत आहेत. शेवटी म्हणाले, “हे मला पटतंय. पण असिस्टंटने फोनवर अनोळखी माणसाला तुमच्या कातडीचा रंग कोणता असं विचारायचं? विचार करा. लोकांना काय वाटेल?”

“वय विचारता. लघवीचा रंग विचारता.”

“ते वेगळं आहे.”

“का वेगळं आहे?”

दवाखान्यातल्या सगळ्यांसमोर मांडतो, ते म्हणाले. मला दारापर्यंत सोडायला आले आणि माझा कोट धरून उभे राहिले. इतक्या भल्या माणसावर रागावणं फार दमवणारं असतं.

वाचनालयातली माझी सहकारी डचांच्या जुन्या वसाहतीतून, सुरीनाममधून आलेल्या घरातली. तिच्या पणजोबांना बिहारकडून उसाच्या मळ्यांवर नेलं होतं, ती जन्मली इथे. तिला मी हे मोठ्या उत्साहाने सांगितलं. वाटलं, ही तरी लगेच हो म्हणेल. ती परत आलेल्या पुस्तकांची गाडी ढकलत होती. थांबली.

“माझी आई दुकानात शिरली की मागून एक माणूस चालायचा,” ती म्हणाली. “ही काही उचलते का बघायला. तिने जन्मभर एकच मागितलं, यांनी माझ्याकडे बघणं सोडावं. आणि तू त्यांना बघा म्हणून सांगायला गेलीस?”

“दवाखान्यात बघा म्हणतेय.”

“आणि एकदा बघायला लागले की तुला हवं तिथेच बघतील, होय? तुला विचारून?”

तिचं खोटं नव्हतं. मला उत्तर नेहमी उशिरा येतं, बहुधा पुस्तकं लावताना. दुपारी मी तिच्याकडे गेले आणि म्हटलं, “पण त्या दुकानात त्यांना रंग दिसत होता ना? सोडला कुठे बघायचा? दुकानात दिसतो, भाड्याने घर देताना दिसतो, आणि दवाखान्यात नेमका दिसत नाही. याला न बघणं म्हणायचं का?”

ती खांदे उडवून हसली. “हे मला काय सांगतेस? मी काय डॉक्टर आहे?” आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, “माझ्या भावाच्या बाळाची कावीळ पण उशिराच कळली होती.”

मला सगळ्यात कठीण गेलं ते वेगळंच. तो स्वतः या न बघण्यावर खूश होता. सोलापुरात शाळेत त्याला काळू म्हणत. आमचं ठरलं तेव्हा माझ्या मावशीने माझ्यासमोर आईला सांगितलं होतं, “मुलगा हुशार आहे गं, पण रंगाने अगदीच...” आणि वाक्य अर्धं सोडलं होतं, जणू पूर्ण केलं तर तो रंग घराला लागेल. इथे आल्यावर पहिल्या वर्षी बांधावरून सायकल चालवताना तो मला म्हणाला होता, “तुला माहितेय, इथे आल्यापासून माझ्या रंगाबद्दल एकही माणूस बोललेला नाही. डोक्यातला पंखा कुणीतरी बंद केल्यासारखं वाटतं.” मी हे विसरलेली नाही. ज्या शांततेने त्याला इतकं बरं वाटलं, तीच फोनवर त्याच्याशी बोलली आणि थांबून बघू या म्हणाली.

मुलीने हेच माझ्या तोंडावर मारलं. जेवताना मी पुन्हा तो विषय काढला होता. तिला मराठी सगळं समजतं, पण ती उत्तर डचमध्ये देते, आणि चिडली की फारच शुद्ध डचमध्ये.

“आई, प्लीज, याचं रेसचं काहीतरी करू नकोस. माझ्या वर्गात कुणी असं बघत नाही. ते डॉक्टर रेसिस्ट नाहीत.”

“मी कुठे म्हटलं आहेत म्हणून?”

“मग काय म्हणतेस? बाबाला हे अजिबात आवडलं नसतं. त्याला लाज वाटली असती.”

मी ताटं उचलली. ती बहुधा बरोबर होती. त्याला लाज वाटली असती, आणि मग त्याने वेगळं कार्ड बनवलं असतं.

आपल्या लोकांकडून मी काही अपेक्षा ठेवली नव्हती, तरी राग आलाच. गणपतीत आल्मेरे शहरातल्या मराठी मंडळात गेले होते, मुलगी लहान असल्यापासून दरवर्षी जातो म्हणून. आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत मंडळाचे एक जुने सभासद जवळ आले. कुणाकडून तरी ऐकलं होतं.

“वहिनी, राग मानू नका. पण आपण इथे नोकरीला आलेली माणसं. काम करावं, टॅक्स भरावा, मुलं शिकवावीत. हे रंगाबिंगाचं काढलं की आपणच आपल्याला वेगळं पाडतो. आता आपण पुढे गेलोय त्याच्या.”

“हो ना,” त्यांच्या पत्नी म्हणाल्या, आणि लगेच शेजारणीकडे वळून, फोन पुढे धरत, “ही बघ, आमच्या पुतण्याची ठरलेली. काय गोरी आहे बघ ना! इथलीच वाटते.”

मी प्रसाद घेतला आणि बाहेर जाऊन उभी राहिले. माझी मुलगी माझ्या मागून आली. तिने ते वाक्य ऐकलं होतं. आपल्या दुपट्ट्याच्या टोकाशी चाळा करत ती म्हणाली, “ट्रेन कितीची आहे?”

डॉक्टरांचा फोन नोव्हेंबरात आला. आवाजावरूनच कळलं. सगळ्यांनी चर्चा केली, त्यांनी सांगितलं. विषय महत्त्वाचा आहे असं सगळ्यांचं मत पडलं. पण असिस्टंट्सना अवघडल्यासारखं झालं. चुकून कुणी दुखावलं तर? कुणी म्हणालं की तुम्ही मला रंग का विचारता, तर? शिवाय प्रश्न त्यांनी बनवलेले नाहीत, ते वरून येतात. “पण आम्ही यापुढे सजग राहू,” ते म्हणाले.

“म्हणजे नेमकं काय कराल?”

“सजग राहू. लक्षात ठेवू.”

“कोण लक्षात ठेवेल? फोनवर जी असेल ती? तिला माझा नवरा माहीत आहे?”

“तुमचा त्रास मी समजू शकतो.”

मी फोन ठेवला. माझ्या घराण्यात कुणी फोन आपटत नाही; मीही आपटला नाही, हळूच ठेवला, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन ओटा पुसला, जो स्वच्छ होता. कुणी दुखावलं जाऊ नये म्हणून. दुखावलं जाण्याची एवढी काळजी. मरण्याची नाही.

हे सगळं इथेच थांबलं असतं. पण या मार्चमध्ये मुलगी हॉकी खेळताना कृत्रिम गवतावर घसरली. गुडघ्याखाली खरचटलं. इथल्या सगळ्याच पोरींना खरचटतं, कुणी मोजत नाही. चार दिवसांनी ती लंगडायला लागली. मी बघू म्हटलं तर बघू देईना. वाचनालयातून आले तेव्हा ती स्वयंपाकघरात खुर्चीवर पाय ताणून बसली होती आणि दवाखान्याला फोन लावून होल्डवरचं संगीत ऐकत होती. स्पीकरवर. त्याच टेबलापाशी.

असिस्टंटचा आवाज आला. नवीन मुलगी असावी, गोड आवाज. मुलीने नाव, जन्मतारीख सांगितली. तिच्या डचला कसलाच हेल नाही. फोनवर ती या गावातली कुणीही असू शकते.

“ताप आहे का?”

“नाही. कदाचित थोडा.”

“दुखतंय?”

“हो.”

“लाल झालंय का?”

मी कोट काढत होते, तो अर्धा हातात राहिला. मुलीने गुडघ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी घट्ट झालं, ते मला दिसलं. तिच्या बापाचं चिडणं ओळखायला शिकले तशी मी हेही शिकले आहे.

“ते माझ्यावर दिसत नाही,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“माझी कातडी ब्राउन आहे. लाल दिसतच नाही. गरम आहे, कडक आहे, आणि कालपेक्षा मोठं झालंय. ते विचारा.”

पलीकडून आवाज आला, जरा बिचकत, “अच्छा... ते मला कसं कळणार होतं? मला विचारता येत नाही ना तसं.”

“माहितेय,” मुलगी म्हणाली. “म्हणून सांगतेय.”

“तू... तू असं कर, आजच ये. साडेचारला.”

फोन बंद झाल्यावर ती माझ्यावरच उसळली. “प्रत्येक वेळी? दर वेळी हे मीच सांगायचं? आयुष्यभर?” आणि ती रडायला लागली. बाबा गेल्यानंतर माझ्यासमोर ती फार वेळा रडलेली नाही. मी तिला हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. दोन्ही म्हणण्याची मला चीड आली होती. मी तिच्या गुडघ्याखाली हाताची मागची बाजू लावली. कढत होतं.

डॉक्टरांनी आम्हा दोघींना एकत्र पाहिलं आणि क्षणभर दारातच थांबले. मग बसले, जखम पाहिली, खिशाकडे हात नेला, पेन काढलं. पेन तिच्या नडगीजवळ नेलं आणि थांबले. ते बाजूला ठेवून त्यांनी हाताची मागची बाजू तिच्या पायावर हळूहळू खाली सरकवली, मग वर, मग पोटरीकडे, नजर खिडकीबाहेर लावून. “इथवर गरम आहे,” ते म्हणाले. “हो ना?” मुलगी म्हणाली, “थोडं वर.” त्यांनी थोडं वर हात नेला, मान हलवली, आणि तिथे रेघ काढली. “गरम किंवा सूज रेघेबाहेर गेली की फोन कर. रंगाकडे बघू नकोस.” आणि गोळ्या लिहून दिल्या.

मला वाटतं त्यांना वाटलं की काहीतरी पूर्ण झालं. त्यांच्या चेहऱ्यावर तसं होतं. मलाही क्षणभर तसंच वाटलं असतं.

मुलगी मोजे वर ओढत होती. मान वर न करता तिने विचारलं, “मग तो प्रश्न आता बदलणार का? फोनवरचा?”

“पुढच्या मीटिंगमध्ये मी पुन्हा मांडतो.”

“आधी मांडला होता ना?”

“हो. पण...”

“म्हणजे तुम्ही मला ओळखता म्हणून हात लावून बघितलंत,” ती म्हणाली. “ज्यांना ओळखत नाही त्यांचं?”

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. ते लागायला थोडा वेळ लागला. मुलीने उत्तराची वाट बघितली, अगदी उद्धटपणे, बुटाची लेस बांधून होईपर्यंत. मी तिला थांबवलं नाही.

पाय बरा होतोय. रेघ अजून आहे. बॉलपेनची शाई आंघोळीने लगेच जात नाही. ती सोफ्यावर वाचत पडलेली असते तेव्हा येता-जाता मी रेघेच्या वर हाताची मागची बाजू टेकवते. सकाळी, कामावर जाण्याआधी, कामावरून आल्यावर.

“आई, पुरे ना,” ती पुस्तकातून मान न काढता म्हणते. “गार आहे.”

गार आहे. तरीही मी एकदा हात लावून बघते.